गाठीचं पूर्ण नाव: बायोप्सीचा रिपोर्ट समजून घेताना

ट्यूमर म्हणजे कॅन्सर नव्हे. एवढं एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं, तर किती तरी घरांची काळजीची रात्र टळेल. पण याची दुसरी बाजूही आहे. रिपोर्टमध्ये ‘कॅन्सर’ हा शब्द कुठेच दिसत नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणारे नातेवाईक असतात, आणि त्याच कागदावर ठळक अक्षरांत ‘कार्सिनोमा’ लिहिलेलं असतं. पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारा डॉक्टर, रिपोर्टमध्ये नुसतं ‘कॅन्सर’ असं सहसा लिहीत नाही, कारण तेवढ्यावरून उपचार करणाऱ्या डॉक्टरला फारसं काही कळत नाही. तो गाठीचं पूर्ण नाव लिहितो. गाठ कुठल्या पेशींपासून सुरू झाली, ती कशी वागेल, मूळच्या पेशींपेक्षा ती किती बिघडली आहे, हे त्या नावात असतं. ही नावं पाडायची एक रीत आहे. ती समजली की अगम्य वाटणारा रिपोर्ट बराचसा उलगडतो. बराचसा म्हणायचं कारण असं, की या रीतीला अपवाद भरपूर आहेत, आणि ते माहीत नसतील तर भलताच घोटाळा होतो.

‘ट्यूमर’चा जुना अर्थ नुसती सूज. सेल्सस या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणं सांगितली होती: लाली, सूज, ऊब आणि वेदना. त्यातल्या सुजेसाठी त्याचा शब्द ‘ट्यूमर’. आजच्या पॅथॉलॉजीत मात्र ट्यूमर म्हणजे ‘निओप्लाझम’, म्हणजे नवी वाढ. हाताला कापलं तर कडेच्या पेशी भराभर वाढतात आणि जखम भरली की थांबतात. गरोदरपणात गर्भाशय वाढतं, बाळंतपणानंतर आकसतं. ही शिस्तीतली वाढ झाली. निओप्लाझममध्ये पेशींच्या जनुकांत असे बदल साचलेले असतात की थांबण्याचा निरोप त्या पेशी मानतच नाहीत. वाढ ज्या कारणाने सुरू झाली ते कारण दूर केलं तरी ती चालूच राहते. रूपर्ट विलिस या पॅथॉलॉजिस्टने केलेल्या व्याख्येचा गाभा हाच आहे, आणि ट्यूमरचा धडा आजही तिथूनच सुरू होतो.

म्हणजे हाताला लागणारी प्रत्येक गाठ ट्यूमर नसते. गळू ही पुवाची गाठ. सिस्ट ही पाण्याची पिशवी. आपल्याकडे गळ्यात गाठ घेऊन आलेल्या माणसाच्या बाबतीत पहिला विचार बऱ्याचदा टीबीचा करावा लागतो. जुनी माणसं तिला गंडमाळ म्हणतात. पण बाहेरून तशीच लागणारी गाठ लिम्फोमाची, म्हणजे लिम्फ नोडच्याच कॅन्सरची असू शकते (लिम्फ नोड म्हणजे लसवाहिन्यांच्या वाटेवरची, गाळणीसारखी छोटी ग्रंथी), किंवा तोंडातल्या कॅन्सरच्या पेशी गळ्यातल्या लिम्फ नोडमध्ये जाऊन बसल्यानेही झालेली असू शकते. तिन्हींचे उपचार पूर्ण वेगळे. हात लावून अंदाज बांधता येतो, नाव ठरवता येत नाही. त्यासाठी सुई घालून पेशी काढाव्या लागतात किंवा तुकडा काढून तपासावा लागतो, म्हणजेच बायोप्सी करावी लागते.

इथे एक गैरसमज आडवा येतो. ‘सुई टोचली की कॅन्सर पसरतो’, ‘हत्यार लागलं की आजार भडकतो’ असं गावोगाव ऐकायला मिळतं. काही ठरावीक अवयवांच्या बाबतीत डॉक्टर स्वतःच सुई टाळतात. अंडकोशातल्या गाठीला बाहेरून सुई घालत नाहीत, ती मांडीच्या सांध्याजवळून छेद घेऊन पूर्णच काढतात. असे अपवाद सर्जनला माहीत असतात. बाकी बहुतेक गाठींत सुईमुळे कॅन्सर पसरण्याची शक्यता अगदी नगण्य असते. नाव न ठरवता महिनोन्‌महिने काढले, तर त्या काळात गाठ वाढत राहते आणि दोष मात्र शेवटी केलेल्या तपासणीला दिला जातो. या गैरसमजाने जेवढं नुकसान केलंय, तेवढं कुठल्याही सुईने केलेलं नाही.

साधी गाठ आणि घातक गाठ

ट्यूमरची पहिली वाटणी वागणुकीवरून होते. ‘बिनाइन’ म्हणजे साधी, सौम्य. ‘मॅलिग्नंट’ म्हणजे घातक, आणि याच घातक ट्यूमरना आपण कॅन्सर म्हणतो. साधी गाठ एका जागी राहते, सावकाश वाढते, आजूबाजूच्या ऊतींना बाजूला सारते पण त्यांच्यात घुसत नाही. तिच्याभोवती पुष्कळदा पातळ आवरण असतं, त्यामुळे ती सर्जनच्या हाती अख्खी सुटून येते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशी मूळच्या पेशींसारख्याच दिसतात. चरबीच्या साध्या गाठीचा तुकडा पाहिला तर ती गाठ आहे की पोटावरची नेहमीची चरबी, हे नुसत्या पेशींवरून सांगणं कठीण जातं.

घातक गाठ शेजारच्या ऊतीत शिरते. तिची कड सरळ नसते, तिच्या शाखा इकडेतिकडे पसरलेल्या असतात. पेशींचे आकार एकमेकांशी जुळत नाहीत. केंद्रकं मोठी आणि गडद होतात, पेशीतली बरीचशी जागा केंद्रकच व्यापून टाकतं. विभाजन होत असलेल्या पेशी जास्त दिसतात, आणि एरवी दोन सारखे भाग व्हायचे तिथे तीन-चार टोकांना ओढलं गेलेलं वेडंवाकडं विभाजन दिसतं. सगळ्यांत महत्त्वाचं लक्षण म्हणजे मूळ जागेपासून तुटून दुसऱ्या अवयवात जाऊन वाढणं, ज्याला ‘मेटास्टॅसिस’ म्हणतात. लसवाहिन्यांमधून (लिम्फ हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या), रक्तातून, किंवा पोटाच्या पोकळीत थेट सांडल्यासारख्या, अशा वाटांनी या पेशी जातात. एकदा मेटास्टॅसिस दिसला की ट्यूमर घातक आहे याबद्दल शंका उरत नाही.

तरी ‘साधी’ या शब्दाचा अर्थ ‘बिनधोक’ असा धरून चालू नये. कवटीच्या आत मेंदूच्या आवरणावर होणारा मेनिन्जिओमा बहुतेक वेळा बिनाइन असतो, पण कवटीत जागा ती किती? तो मेंदूवर दाब देतो आणि झटके येऊ शकतात, नजर जाऊ शकते. स्वादुपिंडातला एवढासा इन्सुलिनोमाही बहुतेकदा साधाच असतो, पण तो मनाला येईल तेव्हा इन्सुलिन सोडतो आणि रक्तातली साखर घसरून माणूस बेशुद्ध पडू शकतो. उलट बाजूने, चेहऱ्यावर होणारा बेसल सेल कार्सिनोमा नावाने आणि गुणाने कॅन्सरच. तो नाकाची, पापणीची ऊती कुरतडत जातो, पण दूरच्या अवयवात तो क्वचितच पसरतो.

‘ओमा’ लागलेली नावं

आता नावाची रीत. साध्या ट्यूमरचं नाव पाडायचं असेल तर मूळ ऊतीच्या नावाला ‘ओमा’ जोडतात. चरबीपासून लायपोमा, तंतुमय ऊतीपासून फायब्रोमा, कूर्चेपासून कॉन्ड्रोमा, हाडापासून ऑस्टिओमा, रक्तवाहिन्यांपासून हिमँजिओमा. ग्रंथींच्या पेशींपासून झालेला साधा ट्यूमर म्हणजे अॅडिनोमा. अस्तराच्या पेशी बोटांसारखे उंचवटे करून वर आल्या तर पॅपिलोमा, आणि चामखीळ हे त्याचं सगळ्यांनी पाहिलेलं उदाहरण.

बायकांच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये फार वेळा दिसणारा ‘फायब्रॉइड’ याच घरातला. नावावरून तो तंतूंचा वाटतो, पण मुळात तो गर्भाशयाच्या स्नायूचा ट्यूमर आहे, आणि पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये तो ‘लायोमायोमा’ म्हणून येतो. ऑपरेशननंतर हा अनोळखी शब्द पाहून घरचे धास्तावतात. तो कापला की आत पांढरट, घट्ट, भोवऱ्यासारखी वळणं असलेला भाग दिसतो. अतिशय सर्रास आढळणारा हा साधा ट्यूमर. याच स्नायूपासून होणारा घातक ट्यूमर म्हणजे लायोमायोसार्कोमा. तो दुर्मीळ असतो आणि तो सहसा स्वतंत्रपणेच उगवतो. फायब्रॉइडचा कॅन्सर होईल या भीतीने लक्षणं नसतानाही गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला अजिबात संकोच करू नये.

घातक ट्यूमरची दोन मोठी घराणी आहेत. शरीराचं आतलं-बाहेरचं अस्तर आणि ग्रंथी यांना एपिथेलियम म्हणतात. त्यापासून झालेला कॅन्सर म्हणजे ‘कार्सिनोमा’. हाड, स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या अशा आधार देणाऱ्या ऊतींपासून झालेला म्हणजे ‘सार्कोमा’. मोठ्या माणसांत कार्सिनोमाच सर्वांत जास्त, आणि ते साहजिक आहे. तंबाखू, धूर, अन्न, ऊन, विषाणू यांचा मारा आधी अस्तरावर होतो, आणि अस्तराच्या पेशी सतत झिजून नव्याने तयार होत असतात. विभाजन जितकं जास्त, तितकी चूक व्हायची संधी जास्त.

कार्सिनोमाच्या आधी लागणारा शब्द पेशीचा प्रकार सांगतो. चपट्या पेशींच्या थरांपासून झाला तर स्क्वॅमस सेल कार्सिनोमा: तोंड, घसा, अन्ननलिकेचा वरचा भाग, गर्भाशयाचं मुख, त्वचा. ग्रंथींपासून झाला तर अॅडिनोकार्सिनोमा: जठर, मोठं आतडं, प्रोस्टेट, स्वादुपिंड. स्तनाचा नेहमीचा कॅन्सरही ग्रंथींचाच. फुप्फुसात दोन्ही होतात, म्हणून नुसतं ‘फुप्फुसाचा कॅन्सर’ म्हणून भागत नाही, कारण प्रकारानुसार औषधं बदलतात.

आता अपवाद, आणि इथेच माणसं फसतात. मेलॅनोमा, लिम्फोमा, मायलोमा, मेसोथेलिओमा, सेमिनोमा ही सगळी नावं शेवटी ‘ओमा’ घेऊन साध्या ट्यूमरसारखी ऐकू येतात. हे पाचही कॅन्सर आहेत. उलट ग्लॉकोमा हा ट्यूमरच नाही, तो डोळ्यातला काचबिंदू. हिमॅटोमा म्हणजे साकळलेलं रक्त. ग्रॅन्युलोमा म्हणजे दाहात जमलेल्या पेशींचा पुंजका, आणि आपल्या देशात ग्रॅन्युलोमा दिसला की टीबी शोधावाच लागतो. मेंदूत टीबीची गाठ झाली तर तिला ट्यूबरक्युलोमा म्हणतात. ती टीबीच्या औषधांनी बरी होऊ शकते. तिला मेंदूचा ट्यूमर समजून घरात रडारड झाल्याची उदाहरणं कमी नाहीत.

रक्ताचा कॅन्सर गाठीच्या रूपात येईलच असं नाही. अस्थिमज्जेत सुरू होऊन रक्तात उतरतो तो ल्युकेमिया, लिम्फ नोडमध्ये गाठ करतो तो लिम्फोमा. ‘ब्लास्टोमा’ हा लहान मुलांच्या ट्यूमरमध्ये वारंवार येणारा शब्द. अवयव घडत असताना असणाऱ्या कच्च्या पेशींसारख्या पेशी यात दिसतात. मूत्रपिंडात नेफ्रोब्लास्टोमा, यकृतात हेपॅटोब्लास्टोमा, डोळ्याच्या पडद्यात रेटिनोब्लास्टोमा. यातला शेवटचा प्रत्येक आईवडिलांना माहीत असायला हवा. फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाळाचं एक बुबुळ लाल न दिसता पांढरं चमकत असेल, तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. दर वेळी तो रेटिनोब्लास्टोमाच असतो असं नाही, पण असला आणि लवकर सापडला तर बाळाचा जीव वाचतोच, पुष्कळदा डोळाही वाचवता येतो.

टेराटोमा हा या सगळ्यांत विलक्षण. बीजांडकोशातल्या ज्या पेशी पुढे स्त्रीबीज होणार असतात, त्यांपासून तो होतो. अशा पेशींत कुठलीही ऊती घडवण्याची ताकद असल्यामुळे एकाच गाठीत त्वचा, केस, चरबी, कूर्चा, कधी तर चक्क दात सापडतो. तरुण स्त्रीच्या बीजांडकोशातून निघालेला ‘डरमॉइड सिस्ट’ कापला की लोण्यासारखा तेलकट पदार्थ आणि त्यात गुंतलेले केस बाहेर येतात. पाहणाऱ्याला यात भानामती वाटावी, पण हा बहुतेक वेळा पूर्ण साधा ट्यूमर असतो. तोच टेराटोमा प्रौढ पुरुषाच्या वृषणात झाला तर मात्र घातक धरतात. नाव तेच, पण कुणाच्या शरीरात आणि कुठे, यावर अर्थ बदलतो.

मूळ गाव

सातारचा माणूस मुंबईत राहायला गेला म्हणून त्याचं मूळ गाव बदलत नाही. कॅन्सरचंही तसंच. स्तनाचा कॅन्सर हाडात पसरला तर तो ‘हाडाचा कॅन्सर’ होत नाही. हाडातल्या त्या गाठीत स्तनाच्याच पेशी असतात, आणि त्यांच्यावर हार्मोनचे रिसेप्टर, म्हणजे हार्मोन पकडणारी प्रथिनं असतील तर स्तनाच्या कॅन्सरला देतात तीच हार्मोनविरोधी गोळी तिथेही लागू पडते. ‘आधी स्तनाचा होता, आता हाडाचा झाला, उद्या लिव्हरचा होईल’ असं नातेवाईक सांगतात, तेव्हा त्यांना वाटत असतं की एकामागून एक तीन आजार झाले. आजार एकच असतो. म्हणूनच यकृतात गाठी सापडल्यावर डॉक्टर आतड्याची, जठराची तपासणी करायला सांगतात. ते वेळ घालवत नसतात, मूळ गाव शोधत असतात.

सीमा ओलांडण्याआधी

अस्तराच्या पेशींखाली एक अतिशय पातळ पडदा असतो, ‘बेसमेंट मेम्ब्रेन’. त्याच्या वर रक्तवाहिन्या आणि लसवाहिन्या नसतात. अस्तरात पूर्ण बिघडलेल्या पेशी आहेत, पण त्यांनी हा पडदा ओलांडलेला नाही, अशा अवस्थेला ‘कार्सिनोमा इन सिटू’ म्हणतात. पेशी कॅन्सरसारख्याच दिसतात, पण पसरायला वाट नसते. पडदा फोडून त्या खाली उतरल्या की रिपोर्टमध्ये ‘इन्व्हेजिव्ह’ हा शब्द येतो. या एका शब्दाने पुढचे सगळे उपचार बदलतात. रिपोर्टमधला एकच शब्द शोधायचा असेल तर मी हाच शोधायला सांगेन.

इन सिटूच्याही आधीची पायरी ‘डिस्प्लेझिया’, म्हणजे पेशींचा घाट आणि थरांची मांडणी बिघडू लागणं. ‘हायपरप्लेझिया’ त्याहून निराळा: पेशींची नुसती संख्या वाढलेली, मांडणी ठीक. ‘मेटाप्लेझिया’ म्हणजे एका प्रकारच्या पेशींची जागा दुसऱ्या प्रकाराने घेणं, जसं विडी ओढणाऱ्याच्या श्वासनलिकेत होतं. हे तिन्ही शब्द कॅन्सरचे नाहीत. डिस्प्लेझिया सौम्य असेल तर पुष्कळदा आपोआप मागे फिरतो.

या पायऱ्या चढायला बहुधा वर्षं लागतात, आणि तेवढा वेळ आपल्या हातात असतो. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये हे किती उपयोगी पडतं, हे जगाने मराठवाड्यात पाहिलं. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. या कॅन्सरला कारण होणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी फक्त एकदा करून, गरज असेल तिथे उपचार केलेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या साधारण निम्म्यावर आले. शेजारच्या बार्शीत १९८७ पासून ग्रामीण भागाची कॅन्सर नोंदणी चालू आहे, देशातली ती पहिली. गावातल्या बायकांनी दिलेल्या नमुन्यांवरून आज इतर देशांची धोरणं ठरतात, ही गोष्ट आपल्याकडे जेवढी माहीत असायला हवी तेवढी नाही.

तोंडात हीच पायरी डोळ्यांना दिसते. गालाच्या आत, हिरडीजवळ, जिथे तंबाखू-चुना किंवा मशेरी धरून ठेवतात, तिथे खरवडून न निघणारा पांढरा चट्टा येतो. तो ल्युकोप्लाकिया. सुपारी खाणाऱ्यांच्या तोंडाचं अस्तर कडक होत जातं, तोंड नीट उघडत नाही, तिखट झोंबतं. तो सबम्युकस फायब्रोसिस. दोन्हींचा कॅन्सर होतोच असं नाही, पण धोका वाढलेला असतो, आणि तो किती हे चट्ट्याच्या तुकड्यातला डिस्प्लेझिया सांगतो. सतत घासल्या-भाजल्या जाणाऱ्या अस्तराचं काय होतं, हे डॉ. वसंत खानोलकरांनी फार लवकर टिपलं होतं. १९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी विभागाचा पाया त्यांनी घातला. धोतराची गाठ वर्षानुवर्षं कमरेला घट्ट काचल्याने तिथल्या त्वचेवर होणाऱ्या स्क्वॅमस कार्सिनोमाचं वर्णन त्यांनी १९४५ साली प्रसिद्ध केलं. साडीच्या परकराची नाडी आजही तेच करू शकते. कमरेवरचा वर्षभर न भरणारा व्रण अंगावर काढू नये.

ग्रेड वेगळा, स्टेज वेगळी

हा गोंधळ शिकलेल्या माणसांचाही होतो. ‘ग्रेड टू’ वाचून ‘दुसरी स्टेज आहे’ असं सांगितलं जातं.

ग्रेड म्हणजे पेशी किती बिघडल्या आहेत. तो सूक्ष्मदर्शकाखाली ठरतो. स्क्वॅमस कार्सिनोमाच्या पेशी जर अजून मूळच्यासारख्या केराटिन (त्वचेतलं टणक प्रथिन) तयार करत असतील, काचेवर गुलाबी गोल कड्या दिसत असतील, तर ‘वेल डिफरन्शिएटेड’. ते काम जवळजवळ विसरल्या असतील तर ‘पुअरली डिफरन्शिएटेड’. मधल्या त्या ‘मॉडरेटली’. प्रोस्टेटसाठी डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ साली मांडलेली पद्धत आजही चालते. ग्रंथींच्या सर्वांत जास्त दिसणाऱ्या दोन नमुन्यांचे गुण मिळवतात. इथे ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३ या दोन्हींची बेरीज ७ असली तरी दुसरा जास्त आक्रमक, कारण त्यात वाईट नमुन्याचा वाटा मोठा.

स्टेज म्हणजे आजार शरीरात कुठवर पोचला आहे. त्यासाठी टी, एन, एम ही अक्षरं वापरतात. फ्रान्सच्या पिएर देन्वा यांनी १९४० च्या दशकात या पद्धतीची सुरुवात केली. टी म्हणजे मूळ ट्यूमर, एन म्हणजे लिम्फ नोड, एम म्हणजे दूरचा मेटास्टॅसिस. अक्षरापुढे ‘पी’ असेल तर ते काढलेल्या भागाच्या तपासणीवरून ठरलेलं, ‘सी’ असेल तर तपासून आणि स्कॅनवरून, आणि ‘वायपी’ असेल तर आधी किमो किंवा रेडिएशन देऊन मग काढलेल्या भागावरून.

तोंडाच्या कॅन्सरचा रिपोर्ट जवळून पाहू. समजा गालातला दीड सेंटिमीटरचा ट्यूमर काढला आहे. लहानसाच, म्हणून कुणालाही तो टी१ वाटेल. पण त्याखाली ‘डेप्थ ऑफ इन्व्हेजन ७ मिमी’ असं लिहिलंय. म्हणजे तो अस्तराच्या पातळीपासून सात मिलिमीटर खाली गेला आहे. पूर्वी रुंदीवरच भर होता. टीएनएम नियमांच्या आठव्या आवृत्तीप्रमाणे टी१ साठी रुंदी २ सेंटिमीटरपर्यंत आणि खोली ५ मिलिमीटरपर्यंत, अशा दोन्ही अटी लागतात. म्हणून हा टी२. खोल गेलेल्या ट्यूमरला लसवाहिन्या लवकर सापडतात, म्हणून खोली मोजायची. पुढे ‘मार्जिन’ येतं: कापलेल्या कडेपासून ट्यूमर किती दूर आहे. पाच मिलिमीटर किंवा जास्त असेल तर कड मोकळी धरतात. ‘पेरिन्यूरल इन्व्हेजन’ म्हणजे पेशी मज्जातंतूच्या कडेने सरकताहेत. मग नोड. ‘०/२४’ म्हणजे गळ्यातून २४ नोड काढून तपासले, एकातही कॅन्सर नाही. ‘२/२४, एक्स्ट्रानोडल एक्स्टेन्शन प्रेझेंट’ म्हणजे दोन नोडमध्ये आहे आणि नोडचं आवरण फोडून बाहेरही आलाय. हे शेवटचे तीन शब्द असतील तर रेडिएशनच्या जोडीला किमोचा विचार होतो.

गळ्यात हाताला काही लागत नसताना नोड काढायचेच कशाला, असं रुग्ण विचारतात. प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर टाटा मेमोरियलच्याच अभ्यासाने दिलं. डॉ. अनिल डिक्रुझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरसाठी पहिल्याच ऑपरेशनमध्ये गळ्यातले नोड काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण हयात होते. गाठ दिसेपर्यंत वाट पाहिलेल्यांत हे प्रमाण ६७.५ टक्के होतं.

नाव पक्कं कसं होतं

काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकतात. मग त्यातलं पाणी काढून तो मेणात बसवतात, त्या मेणाच्या ब्लॉकमधून तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढून काचेवर चढवतात, आणि केंद्रक निळं, बाकीची पेशी गुलाबी होईल असं रंगवतात. यात एक पायरी नातेवाइकांच्या हातात असते. लहान गावातल्या दवाखान्यातून तुकड्याची बाटली पुष्कळदा घरच्यांच्याच हाती देऊन शहरातल्या लॅबमध्ये पाठवतात. बाटलीत फॉर्मॅलिनच आहे ना, तुकडा त्यात पूर्ण बुडालाय ना, हे विचारून घ्यावं. सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा सडतो. बाटलीवर नाव, वय, कुठल्या जागेचा तुकडा आणि काढल्याची वेळ असावी. स्तनाच्या तुकड्याला तर ६ ते ७२ तासच फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा नियम आहे. बाटली आठवडाभर कपाटावर राहिली तर पुढच्या रिसेप्टरच्या चाचण्या चुकू शकतात.

नेहमीच्या रंगावरून नाव ठरत नसेल तर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात. पेशीतलं विशिष्ट प्रथिन ओळखणारी अँटिबॉडी लावली की ते असेल तिथे तपकिरी रंग उमटतो. सायटोकेराटिन उमटलं तर कार्सिनोमाकडे बोट, एलसीए उमटलं तर लिम्फोमाकडे, एस-१०० आणि मेलॅन-ए उमटलं तर मेलॅनोमाकडे. स्तनाच्या कॅन्सरमध्ये ईआर, पीआर (हे दोन्ही हार्मोनचे रिसेप्टर) आणि हर-टू (पेशीला वाढीचा निरोप देणारं प्रथिन) या तीन चाचण्यांवर पुढचं औषध ठरतं. हर-टूचा निकाल २ प्लस आला तर तो अर्धवट उत्तर असतो, त्यापुढे फिश नावाची जनुकचाचणी लागते. ही चाचणी सांगितली म्हणजे लॅब पैसे उकळतेय असं समजू नये.

काही रिपोर्टमध्ये ८०७०/३ असा आकडा असतो. हा ट्यूमरचा आंतरराष्ट्रीय सांकेतांक. पहिले चार अंक प्रकाराचे, तिरक्या रेघेनंतरचा वागणुकीचा: ० म्हणजे साधा, १ म्हणजे अनिश्चित, २ म्हणजे इन सिटू, ३ म्हणजे घातक. ८८५०/० हा लायपोमा, ८८५०/३ हा लायपोसार्कोमा.

ही नावं कायमची दगडावर कोरलेली नाहीत. थायरॉइडचा एक ट्यूमर बरीच वर्षं पॅपिलरी कार्सिनोमाचा प्रकार म्हणून नोंदवला जाई. आवरणात बंद असलेल्या, कुठेही न घुसलेल्या अशा ट्यूमरच्या १०९ रुग्णांचा १० ते २६ वर्षं मागोवा घेतल्यावर एकाचाही आजार परतलेला दिसला नाही. म्हणून २०१६ साली तज्ज्ञांनी त्याच्या नावातून ‘कार्सिनोमा’ हा शब्दच काढून टाकला. आता त्याला निफ्ट-पी म्हणतात. ज्यांच्या कपाळी कॅन्सरचा शिक्का बसला असता, अशा माणसांचं पुढचं ऑपरेशन आणि रेडिओअॅक्टिव्ह आयोडिन त्या बदलाने टळलं. नाव ठरवण्यात एवढी ताकद असते, म्हणून पॅथॉलॉजिस्ट ‘सजेस्टिव्ह ऑफ’, ‘सस्पिशियस फॉर’ असे सावध शब्द वापरतो. त्या शब्दांनी चिडू नये. पुराव्यापेक्षा एक पाऊलही पुढे जायचं नाही, हे त्याने स्वतःला घालून घेतलेलं बंधन असतं.

शंका असेल तेव्हा दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत जरूर घ्यावं, आणि त्यासाठी रिपोर्टची झेरॉक्स पुरत नाही, मेणाचे ब्लॉक आणि काचा लागतात. लॅबकडे अर्ज करून त्या मागता येतात. काचा फुटू नयेत अशा डबीत ठेवाव्यात, ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नयेत, मेण वितळतं. हे ब्लॉक घरी आणले तरी टाकून देऊ नयेत. पाचसात वर्षांनी फुप्फुसात नवी गाठ दिसली, तर ती जुन्याच आजाराची आहे की नवीनच कॅन्सर, हे तो जुना ब्लॉक आणि नवा तुकडा शेजारी ठेवून पाहिल्यावर ठरवता येतं.